अबोल स्विच

इतिहास लिहिण्याचं काम आपल्याकडे परंपरेने लढायांच्या जाणकारांकडे असतं. कोण कोणावर चालून गेला, किल्ला किती दिवस लढला, तहात कोणाच्या पदरात काय पडलं, हे सारं तपशीलवार लिहून झालेलं आहे. पण काचेखाली धावणाऱ्या एका पोलादी गोळीचा इतिहास लिहायला कोणी विद्वान सहसा कंबर कसत नाही. तेव्हा ते काम एका बँकेच्या कारकुनाने अंगावर घेतलं, तर वाचकांनी फार रागावू नये. या गोळीच्या इतिहासात तलवारी नाहीत, पण नोंदी आहेत. आणि नोंद म्हटली की कारकून आलाच. गोळी लागली की नाही, लागली तर किती गुण, ते गुण कोणाच्या खात्यावर जमा, हा सगळा मामला मूळचा आमच्याच धंद्यातला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि माझ्या पदवीचा उपयोग होण्याची ही बहुधा दुसरीच वेळ असावी. पहिल्यांदा ती लग्न जमताना उपयोगी पडली होती.

पिनबॉल हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. चार पायांवर उभी, आडव्या कपाटासारखी दिसणारी, खेळणाऱ्याच्या बाजूला किंचित उतरती अशी एक पेटी. वर काच. आत २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी. खेळणाऱ्याने स्प्रिंगचा दट्ट्या ओढून सोडायचा. गोळी सणसणत वर जाते आणि घरंगळत खाली येताना वाटेतल्या खांबांना, फळ्यांना, गल्ल्यांमधल्या तारांना धडका देत येते. प्रत्येक धडकेला गुण. तळाशी बोटाच्या बटणावर हलणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. त्यांनी गोळीला शक्य तितक्या वेळा परत वर पिटाळायचं. शेवटी ती मधल्या भोकात जातेच. पगार आणि महिनाअखेर यांच्यातल्या नात्याचं इतकं हुबेहूब चित्र दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेलं नाही.

या यंत्राचा पूर्वज म्हणजे बॅगाटेल. फ्रान्सच्या राजाचा भाऊ कोंत द आर्त्वा याने १७७७ साली मारी आंत्वानेत या आपल्या वहिनीशी पैज लावून पॅरिसजवळ जेमतेम दोन महिन्यांत एक छोटा महाल उभा केला आणि त्याला नाव दिलं बॅगाटेल, म्हणजे किरकोळ गोष्ट. (आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला याहून जास्त दिवस लागले, पण आमच्याकडे पैज लावणाऱ्या वहिनी नव्हत्या.) त्या महालावरूनच या खेळाला नाव पडलं असं सांगतात. पुढे दरबारी खेळाचं खेळणं झालं आणि आमच्या लहानपणापर्यंत ते दुर्गाडीच्या नवरात्रातल्या जत्रेत येऊन पोचलं होतं: लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, अर्धगोल कप्पे, कप्प्यांत रंगवलेले पन्नास, शंभर, पाचशे असे आकडे आणि बाजूला दट्ट्या. त्या फळीवर स्विच नव्हता. मोजायला मोठा भाऊ असायचा, आणि मोठ्या भावाइतकं सदोष मोजयंत्र जगात दुसरं नाही. गोळी खिळ्याला टेकून कप्प्याच्या तोंडाशी अडकली, तर ती आत धरायची की बाहेर, यावर एकेका घरात दिवाळीपर्यंत अबोला चाले.

खिळे आणि दट्ट्या यांचं हे लग्न लावलं माँटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रज गृहस्थाने. तो अमेरिकेत सिनसिनाटीला जाऊन राहिला आणि १८७१ साली त्याने स्प्रिंगच्या दट्ट्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर साठ वर्षं विशेष काही घडलं नाही. मग महामंदी आली. माणसांच्या खिशात पैसा नव्हता आणि हातात काम नव्हतं. अशा वेळी, १९३१ साली, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने ‘बॅफल बॉल’ नावाचं टेबलावर मावणारं यंत्र काढलं. एका पेनीत पाच-सात गोळ्या. पन्नास हजारांच्या वर यंत्रं खपली. ती पुरवता पुरवता गॉटलीबची दमछाक झाली, तेव्हा त्याचीच यंत्रं विकणाऱ्या रेमंड मोलोनीने स्वतःचं ‘बॅलीहू’ काढून नवा संसार थाटला. अर्धं जग दिवाळं काढत असताना दुसरं काही नाही तर गोळी घरंगळताना बघायला माणूस पैसे देतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

पण इथपर्यंत गुण मोजायचे ते डोळ्यांनी. वीज आली ती १९३३ साली, हॅरी विल्यम्सच्या ‘काँटॅक्ट’ या यंत्रात. बॅटरीवर चालणारं यंत्र. गोळी एका खड्ड्यात पडली की विजेचा झटका तिला बाहेर उडवी. आता गोळी खड्ड्यात पडली, हे विजेला कळायचं कसं? तिथे आपल्या कथेचा नायक प्रवेश करतो. स्विच म्हणजे काय, तर धातूच्या दोन पातळ जिभा, शेजारी शेजारी, मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट. गोळीने एकीला ढकललं की ती दुसरीला टेकते, वीज वाहते, नोंद होते. गोळी गेली की जिभा विलग. त्या जिभांना सगळ्या भाषेत मिळून एकच शब्द येतो: ‘हो’. ‘नाही’ म्हणायचं असेल तर त्या गप्प बसतात. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे याच वाक्यावरून सगळं रामायण होणार आहे.

खेळणारे लोक यंत्राला धक्के मारून गोळी हवी तिकडे वळवू लागले, तेव्हा त्याच विल्यम्सने त्यावर इलाज शोधला. त्याचं अंतिम रूप म्हणजे गवंड्याचा ओळंबा. पेटीच्या आत एक धातूची कडी आणि तिच्या मधोमध लोंबकळणारा ओळंबा. पेटी जास्त हलली की ओळंबा कडीला टेकतो, यंत्र ‘टिल्ट’ असा ठपका ठेवतं आणि खेळणाऱ्याची ती गोळी बाद. म्हणजे पाहा, काही स्विच गिऱ्हाइकाचे गुण मोजायला आणि एक गिऱ्हाइकाच्या चारित्र्यावर लक्ष ठेवायला. बँकेची रचना याहून फार वेगळी नाही.

या खेळाच्याही चारित्र्यावर संशय होताच. हा निव्वळ नशिबाचा जुगार आहे असं ठरवून न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली तिथे पिनबॉलवर बंदी आणली आणि यंत्रं घणाने फोडून घेतली. गंमत अशी, की फ्लिपर तेव्हा जन्मालाच आले नव्हते. ते आले १९४७ साली, गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रावर, तेही दोन नव्हे, सहा. फ्लिपर आल्यावर खेळात हात आला, डोळा आला, कसब आलं. तरी बंदी चालूच. अखेर १९७६ साली रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने नगरपरिषदेच्या लोकांसमोर यंत्र खेळून दाखवलं. दट्ट्या ओढण्याआधी त्याने सांगितलं, गोळी वरच्या मधल्या गल्लीतून जाईल. गेली. बंदी उठली.

हे वाचताना माझ्यातल्या कारकुनाला एक प्रश्न पडला. गोळी गल्लीतून गेली, पण समजा गल्लीतला स्विच बिघडलेला असता आणि गुण पडलेच नसते, तर? समोर बसलेल्यांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून निभावलं. एरवी ज्याची नोंद झाली नाही ते कसब आणि नशीब यांत हिशेबाच्या दृष्टीने काही फरक नाही.

आता कल्याण. माझा मेव्हणा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. त्याला जुन्या वस्तूंचा नाद आहे, आणि त्याच्या बायकोला सहनशक्तीचा. मुंबईतला एक क्लब बंद पडला तेव्हा भंगाराच्या भावात त्याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं एक पिनबॉल यंत्र उचललं. जन्म शिकागोचा. कंपनीचं नाव सांगत नाही. चाळीस वर्षांनंतर केलेली तक्रार ग्राहक न्यायालयही ऐकून घेणार नाही. शंभर किलोंच्या वरची ती पेटी टेम्पोतून उतरली तेव्हा पारनाक्यावरून भाजी घेऊन येणारी निम्मी आळी बघायला उभी होती. अमेरिकन यंत्राला आपली २३० व्होल्टची वीज सोसत नाही म्हणून ट्रान्सफॉर्मर आला, तो उल्हासनगरहून. लहानपणापासून उल्हासनगरच्या मालाला आम्ही गमतीने ‘मेड इन यूएसए’ म्हणत आलो. या वेळी खऱ्या यूएसएला उल्हासनगरच्या आधाराने उभं राहावं लागलं, एवढाच फरक.

आठ दिवस यंत्र उत्तम चाललं. नवव्या दिवसापासून ‘टिल्ट’ सुरू झालं. मेव्हण्याचा अकरा वर्षांचा मुलगा खेळायला उभा राहिला की थोड्या वेळात दिवे विझत, पडद्यावर ठपका येई आणि गोळी बाद होई. मेव्हण्याने सरळ निदान केलं: पोरगा पेटीला कंबरेने धक्का मारतो. पोरगा म्हणे, “मी नाही मारला.” मेव्हणा म्हणे, “यंत्र खोटं बोलतं का?” हा युक्तिवाद मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने हजारदा ऐकला आहे. ‘सिस्टिममध्ये तसंच दिसतंय’ हे त्याचं सुधारित रूप. मेव्हण्याने ओळंब्याची कडी मोठी केली, मग ओळंबाच बांधून टाकला, तरी ‘टिल्ट’ येतच राहिलं. एव्हाना मुलाने खेळायचं सोडून दिलं होतं. तो सोफ्यावर बसून पुस्तक वाचायचा, आणि अकरा वर्षांचा मुलगा कोणी न सांगता पुस्तक वाचू लागला की घरात काहीतरी बिघडलंय हे कळायला मल्टिमीटर लागत नाही.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून सिग्नलकाकांना बोलावण्यात आलं. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात रुळांच्या कडेने, हातात टेस्टर आणि पायात गमबूट घालून गेली. त्यांनी पेटीकडे पाहिलं, टाळं उघडलं, खेळाची फळी उचलून टेकवली आणि आतलं तारांचं जंगल बघून, नातवाचं बाळसं बघावं तसे प्रसन्न हसले.

“किती स्विच आहेत?”

“जागा चौसष्ट स्विचना आहे म्हणे,” मेव्हणा म्हणाला.

“आणि तारा?”

“सोळा.”

“मग बरोबर आहे,” काका म्हणाले.

मला काहीच बरोबर वाटेना, तेव्हा त्यांनी मला समजावलं. पिनबॉलच्या जुन्या यंत्रांत संगणक नव्हता; रिले, चाकं आणि मोटर यांच्या जोरावर सगळा कारभार चाले. १९७०च्या दशकाच्या शेवटी त्यांत संगणकाची चिप आली आणि तारांची काटकसर सुरू झाली. चौसष्ट स्विचना चौसष्ट वेगळ्या तारा कोण देणार? त्याऐवजी आठ उभ्या तारा, आठ आडव्या, आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे एकेक स्विच. चाळीचंच उदाहरण घ्या: आठ मजले, मजल्यावर आठ खोल्या. संगणक पहिल्या उभ्या तारेत वीज सोडतो आणि आठही आडव्या तारांना विचारतो, आली का? मग दुसरी, मग तिसरी. सेकंदाला शेकडो फेऱ्या. आमच्या शाखेतला शिपाई हे ऐकून राजीनामाच देईल.

मला एकदम ओळखीचं वाटलं. लुका पाचोलीने १४९४ साली इटलीत छापलेल्या ग्रंथात जमा-नावे पद्धत मांडली, तीही हीच. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी दिसला पाहिजे. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या छोट्या शाखेत लेजरची जाडजूड पुस्तकं अजून जिवंत होती. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर आधी फरकाचा आकडा बघायचा. फरकाला नऊने भाग गेला तर कोणीतरी ५४चे ४५ केलेले असण्याचा संभव. फरकाच्या निम्म्या रकमेचं व्हाउचर सापडलं तर जमेची रक्कम नावे पडलेली. चूक कुठे आहे हे चुकीच्या आकारावरून कळतं; पुस्तकं पहिल्या पानापासून चाळत बसणारा माणूस रात्री शेवटच्या गाडीने घरी जातो.

काकांनीही तेच केलं. ओळंब्याला त्यांनी हातही लावला नाही. त्यांनी मुलाला सोफ्यावरून बोलावलं. “बाळ, टिल्ट होतं तेव्हा गोळी कुठे असते?”

मुलगा क्षणभर वडिलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, डावीकडच्या गल्लीत. पण नेहमी नाही. ते उजवीकडचं लाल टार्गेट पडलेलं असेल तरच. आणि दोन गोळ्या एकदम खेळात असल्या तर कधीच होत नाही.”

घरात शांतता पसरली. हे सगळं त्याला ठाऊक होतं. कोणी विचारलं नव्हतं.

काकांनी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा काढल्या. चार छेद, चार कोपरे. तीन कोपऱ्यांवर कॅरमच्या सोंगट्या ठेवल्या. पहिली सोंगटी म्हणजे कोठीतला स्विच: या यंत्रात गोळ्या दोन, आणि एक खेळात असताना दुसरी कोठीत त्या स्विचवर बसून असते. दुसरी सोंगटी त्याच उभ्या तारेवरची, म्हणजे पडलेलं लाल टार्गेट. तिसरी सोंगटी शेजारच्या उभ्या तारेवर, कोठीच्याच आडव्या रेघेत: डावीकडची गल्ली. चौथा कोपरा रिकामा, आणि तो होता ओळंब्याचा.

“आता बघा,” काका म्हणाले, “गोळी गल्लीतून जाते त्या क्षणी तीन स्विच खरोखर मिटलेले आहेत. संगणकाने दुसऱ्या उभ्या तारेत वीज सोडली. ती गल्लीतून आडवी गेली, कोठीच्या स्विचमधून उलटी वर चढून पहिल्या उभ्या तारेत शिरली, तिथून टार्गेटमधून खालच्या आडव्या तारेत उतरली. संगणकाला काय दिसलं? दुसऱ्या उभ्या तारेतली वीज खालच्या आडव्या तारेत आली. म्हणजे चौथा कोपरा मिटला. म्हणजे ओळंबा हलला. ओळंबा बिचारा बांधलेला आहे, पण साक्ष त्याच्या नावावर.”

तीन खऱ्या सह्यांच्या जोरावर चौथी खोटी सही! आमच्या धंद्यात अशा प्रकाराला चौकशी समिती बसते.

ही भुताटकी होऊ नये म्हणूनच प्रत्येक स्विचला एक डायोड जोडलेला असतो. डायोड म्हणजे विजेचा एकदिशा मार्ग. जायचं तर इकडून तिकडे, उलटं यायचं नाही. कल्याणात एकदिशा मार्गाच्या पाटीखालूनच लोक उलटे येतात, पण डायोड सहसा शिस्तीचा असतो. तो जळून आरपार झाला की मात्र दोन्ही बाजूंनी वाहतूक सुरू. गंमत म्हणजे गुन्हेगार असतो खोट्या साक्षीच्या बरोबर समोरच्या, तिरक्या कोपऱ्यात. ठपका ओळंब्यावर आणि दोष कोठीत! काकांनी मल्टिमीटरची टोकं कोठीच्या डायोडला लावली, उलटसुलट केली, दोन्हीकडून सारखाच आकडा आला. उल्हासनगरहून अगदी किरकोळ किमतीचा नवा डायोड आणून सोल्डर केला. टिल्ट थांबलं.

मेव्हणा मुलाकडे बघून म्हणाला, “खेळ रे.” माफी मागण्याची आमच्या सासरच्या घराण्यात हीच पद्धत आहे.

पण काका थांबले नव्हते. पेटीच्या दारामागे परीक्षेचं बटण असतं. ते दाबून एकेक स्विच बोटाने मिटवला की पडद्यावर त्याचा क्रमांक येतो. काकांनी वहीत क्रमांक लिहून एकेकावर खूण करायला सुरुवात केली. “तक्रार मिटली की काका,” मेव्हणा म्हणाला. काका म्हणाले, “ओरडणारा मिटला. गप्प बसलेला कोण आहे, ते बघू दे.” आणि खरोखरच एक सापडला. डाव्या कोपऱ्यातलं पांढरं टार्गेट दाबलं तरी पडदा ढिम्म.

“हे कधीपासून बंद आहे?” मेव्हण्याने विचारलं.

“पहिल्यापासूनच,” मुलगा म्हणाला. “तिकडे मारून काही होत नाही, म्हणून मी तिकडे मारतच नाही.”

त्याचा इलाज मात्र सोपा निघाला. अगदी जुन्या यंत्रांत स्विचच्या टोकांतून मोठा प्रवाह जाई, ठिणग्यांनी टोकं काळी पडत. ती बारीक कानशीने घासली तरी चाले. संगणकाच्या यंत्रांत प्रवाह अगदी अल्प, आणि टोकांवर सोन्याचा पातळ मुलामा. तिथे कानस लावली की सोनं गेलं, नोंद गेली. काकांनी माझ्याकडे व्हिजिटिंग कार्ड मागितलं, ते दोन जिभांच्या मध्ये सरकवलं, हलकेच दाबून बाहेर ओढलं. कार्डावर काळी रेघ उमटली. दोनदा, तीनदा. मग फट किंचित कमी केली. पडद्यावर क्रमांक आला. बँकेने मला छापून दिलेल्या शंभर कार्डांपैकी ज्याने कोणाचं खरंखुरं काम झालं असं हे पहिलं.

चहा पिताना काकांनी पिनबॉलवर आपलं मत दिलं. “यंत्र छान आहे, पण विचार उलटा आहे. इथे तार तुटली तर स्विच गप्प बसतो, आणि गप्प बसणं म्हणजे सगळं ठीक असं हे यंत्र समजतं. असला स्विच रुळावर लावला तर माणसं मरतील.”

रेल्वेने हा धडा फार लवकर घेतला. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने १८७२ साली रुळांतूनच वीज खेळवली. रुळाच्या तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. वीज पोचते आहे तोवर रिले उचललेला, मार्ग मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रूळ जोडून टाकतात, वीज मध्येच वळते, रिले खाली पडतो, सिग्नल लाल. खरी करामत पुढे आहे. रूळ तुटला, तार निखळली, बॅटरी संपली, तरी वीज पोचत नाही आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे इथे स्विचला सारखं ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणत राहावं लागतं. तो गप्प बसला की धोका आहे असंच धरायचं.

कल्याणला रेल्वे आली १ मे १८५४ रोजी, मुंबई-ठाणे गाडी सुरू झाल्यानंतर एका वर्षाने. पुढे एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. तेव्हापासून या गावाचा जीव सिग्नलला टांगलेला. पावसाळ्यात रुळांमध्ये पाणी साचलं की वीज पाण्यातून झिरपते, रिले पडतो आणि समोर गाडी नसताना सिग्नल लाल. आता बऱ्याच ठिकाणी चाकांचे आस मोजणारी उपकरणं आली, पण पाऊस अजून पूर्वीचाच आहे. डब्यात घामाने निथळणारे आपण म्हणतो, सिग्नल बिघडला. काका म्हणतात, “बिघडला नाही, तो घाबरला. आणि घाबरलेला सिग्नल बरा, निर्धास्त नको. तुम्ही उशिरा पोचता त्या रात्री कोणीतरी गमबूट घालून तो का गप्प आहे ते बघायला रुळावरून चालत गेलेला असतो.” काकांनी ते चालणं पस्तीस वर्षं केलं. त्याची नोंद कुठल्या पडद्यावर आली नाही.

पिनबॉलवाल्यांनाही हे शहाणपण उशिरा का होईना सुचलं. १९९०च्या दशकातली शिकागोची यंत्रं स्वतःच हजेरीपट ठेवू लागली. एखादा स्विच बऱ्याच खेळांत एकदाही बोलला नाही, तर यंत्र त्याला संशयित धरी आणि पडद्यावर शिल्लक खेळांच्या आकड्यापुढे एक छोटा ठिपका टाकी. गिऱ्हाइकाला काही कळत नसे. दुरुस्ती करणाऱ्याने ठिपका पाहिला की तो पेटी उघडे. इतकं शहाणं होईपर्यंत धंदा मात्र ओसरला. व्हिडिओ गेमनी गिऱ्हाईक नेलं आणि १९९९ साली विल्यम्सच्या नावाने चालणाऱ्या कंपनीने पिनबॉलचा विभाग बंद केला. शिकागोच्या एखाददुसऱ्या कारखान्याने तेवढा धंदा पुढे धरून ठेवला.

हे सगळं ऐकून दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो, आणि महिना होता नोव्हेंबरचा. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर वर्षी आपण जिवंत असल्याचं कळवायचं. घरबसल्या कळवण्याची सोय २०१४पासून झाली, तरी काका स्वतः येतात. न कळवल्यास पेन्शन थांबते. हा थेट रॉबिन्सनचा नियम: गप्प बसला तर लाल. काकांना तो मान्य आहे. त्यांची तक्रार एवढीच, की रेल्वेत लाल झाला की माणूस बघायला जातो, बँकेत लाल झाला की फक्त पैसे थांबतात.

त्यातून मला दुसरी यादी आठवली. खातेदाराने दोन वर्षांहून जास्त काळ खात्यावर काही व्यवहार केला नाही, तर ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी विचारलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते, हा निधी २०१४ सालचा. खातेदार किंवा वारस पुढे आला तर पैसे परत मिळतात, पण पुढे यायला हवं. आमच्या शाखेत या खात्यांना कोणी शिव्या देत नाही, कारण ती भांडायला येत नाहीत. काउंटरवर ओरडणाऱ्याचं काम पंधरा मिनिटांत होतं. गप्प खातं वर्षानुवर्षं ‘सगळं ठीक’ या सदरात पडून राहतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी ती यादी काढली आणि पेन्सिलीने काही नावांपुढे ठिपके टाकले. पत्रं बँक पाठवतेच, ती बहुधा जुन्या पत्त्यांवर जातात. म्हणून फोन लावायला घेतला. पहिले तीन क्रमांक बंद. चौथा बराच वेळ वाजला. मग एका आजींचा आवाज आला. मी बँकेचं नाव सांगितल्याबरोबर त्या म्हणाल्या, “ओटीपी सांगणार नाही.”

मी म्हटलं, “नका सांगू, आजी. तुमचं खातं बरेच दिवस बंद आहे, म्हणून चौकशी केली. तुम्ही बऱ्या आहात ना?”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मी थांबलो.

“बरी आहे हो,” त्या म्हणाल्या. “पासबुक सापडत नाही, आणि गुडघ्याने जिना उतरवत नाही. इतक्या दिवसांत तुम्हीच पहिले विचारलंत.”